मतदार नाकारू शकतो, शाखाध्यक्ष नाही

घराणेशाहीचा विषय निघाला की तिच्या बाजूने एक उत्तर हमखास येते. शेवटी ठरवतात ते लोकच. नेत्याच्या मुलाला लोकांनी मते दिली तर तुमच्या पोटात का दुखावे, आणि नाही दिली तर तो घरी बसेलच की! नाशिकमध्ये राज ठाकरे यांचे पुत्र अमित ठाकरे यांच्याविषयी बोलताना हे उत्तर मी मनसेच्या जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकले आहे, त्या पक्षावर टीका करणाऱ्यांकडून ऐकले आहे आणि कोणत्याच पक्षाशी देणेघेणे नसलेल्या माणसांकडूनही. कानाला ते लोकशाहीचे वाटते. माझ्या मते ते साफ चूक आहे, आणि या शहराने ते इतक्या सहज मान्य करू नये म्हणून हे लिहितो आहे.

२३ जानेवारी २०२० रोजी गोरेगावच्या अधिवेशनात मनसेने राजमुद्रा असलेला नवा भगवा झेंडा फडकवला आणि त्याच व्यासपीठावरून अमित ठाकरे यांना पक्षाचे नेतेपद देण्यात आले. त्यांचे वय तेव्हा २७ होते आणि तोवर त्यांनी कोणतीही निवडणूक लढवलेली नव्हती. त्याआधी बरोबर दोन वर्षे, २३ जानेवारी २०१८ रोजी, शिवसेनेच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत आदित्य ठाकरे नेते झाले होते. तेव्हा एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन पक्षांनी आपापल्या वारसासाठी एकच तारीख निवडली, बाळासाहेबांची जयंती. पक्षातले सर्वोच्च अधिकार कुठून येतात हे दोघांनीही त्या तारखेने उघड सांगितले. आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या वाढदिवशी नातवाला पद मिळते, तेव्हा त्या सभागृहात बसलेल्या शाखाध्यक्षाला कोणी मत विचारलेले नसते. त्याने टाळ्या वाजवायच्या असतात, आणि तो मनापासून वाजवतोही.

लोक ठरवतात म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग नीट पाहावा. लोकांनी ठरवण्याची वेळ चार वर्षांहून अधिक काळाने आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमित ठाकरे माहीममधून विधानसभेला उभे राहिले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे महेश सावंत जिंकले, शिंदे यांच्या शिवसेनेचे सदा सरवणकर दुसरे आले आणि अमित ठाकरे तिसरे. त्या निवडणुकीत मनसेचा एकही आमदार निवडून आला नाही. लोकांनी ठरवले, अगदी स्पष्ट ठरवले. मग पक्षात काय बदलले? मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या संघटनेची फेररचना झाली, तेव्हा शहरातल्या शाखाध्यक्षांची जबाबदारी अमित ठाकरे यांच्याकडेच सोपवण्यात आली. ज्यांनी वर्षानुवर्षे वॉर्डात पाय झिजवले, त्यांच्यावर देखरेख कोणी करायची हे माहीमच्या मतदाराने ठरवले नाही आणि शाखाध्यक्षांनीही ठरवले नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. मतदार वारसाला नाकारू शकतो. कार्यकर्ता नाकारू शकत नाही. 'लोकच ठरवतात' हे उत्तर मतदानाच्या एका दिवसापुरते खरे आहे, आणि उरलेली पाच वर्षे पक्ष ज्यांच्या जिवावर चालतो त्यांच्याबाबतीत ते खोटे आहे.

अमित ठाकरे यांच्याविषयी व्यक्ती म्हणून माझी तक्रार नाही, हे इथे सांगायला हवे. ते उद्धट बोलत नाहीत आणि विद्यार्थ्यांत मिसळतात. माहीममध्ये ते उभे राहिले याचे मला खरे कौतुक आहे, कारण त्यांच्या वडिलांनी आयुष्यात एकदाही स्वतःला मतपेटीसमोर उभे केलेले नाही. पराभवाचा धोका असताना ते लोकांकडे गेले. पण एखाद्याचा चांगुलपणा हे त्याला पद देण्याचे कारण म्हणून सांगितले जाऊ लागले, की त्याच्याइतकाच चांगला, त्याच्याहून जास्त काम केलेला आणि आडनाव नसलेला दुसरा माणूस आपोआप चर्चेतून बाद होतो. त्या दुसऱ्या माणसाची बाजू घ्यायला कोणी येत नाही.

तो दुसरा माणूस नाशिकने पाहिला आहे. मनसेचा इतिहास लिहायचा झाला तर मुंबईइतकीच पाने नाशिकला द्यावी लागतील. ९ मार्च २००६ ला पक्ष स्थापन झाला आणि २००९ मध्ये त्याचे जे १३ आमदार निवडून आले, त्यांतले तीन या शहराने दिले होते: नाशिक मध्यमधून वसंत गिते, पूर्वमधून उत्तमराव ढिकले, पश्चिममधून नितीन भोसले. त्याच वर्षी लोकसभेला हेमंत गोडसे मनसेकडून लढले आणि समीर भुजबळांच्या मागोमाग दुसरे आले. २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४० जागा देऊन नाशिकने या पक्षाला सत्ता दिली, यतीन वाघ महापौर झाले. राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या शहराने मनसेवर एवढा विश्वास टाकलेला नाही. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, ४० च्या ५ झाल्या आणि भाजप ६६ वर गेला.

या घसरणीची जी कारणमीमांसा पक्षाच्या व्यासपीठावरून होत आली, ती नाशिककरांना पाठ आहे. एवढे काम करूनही नाशिकने हरवले, असा तिचा सूर. काम झाले हे खरेच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी टाटांच्या मदतीने वनोद्यान उभे राहिले, गोदापार्कची कल्पना मांडली गेली, गंगापूर रस्त्यावर बाळासाहेबांच्या नावाचे शस्त्रसंग्रहालय झाले. यातले काही आजही पाहायला माणसे जातात. पण त्या पाच वर्षांत राजीव गांधी भवनात बसलेल्या नगरसेवकांची शहराला ओळख झाली का? महापालिकेचा प्रत्येक महत्त्वाचा निर्णय मुंबईहून येणार, त्याचे सादरीकरणही मुंबईहून येणार आणि श्रेयही मुंबईला जाणार, अशी समजूत शहरात रुजली होती. स्थानिक माणूस मोठा होईल अशी जागाच तिथे नव्हती. २०१४ मध्ये अशोक मुर्तडक महापौर झाले ते काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. ही जुळवाजुळव शहराला समजावून सांगणारा, ज्याच्या शब्दाला स्वतःचे वजन आहे असा नेता नाशिकच्या मनसेत तेव्हा उरला नव्हता.

मग माणसे गेली. गिते भाजपत गेले आणि पुढे शिवसेनेत. गोडसे तर २०१४ च्या लोकसभेआधीच शिवसेनेत गेले आणि छगन भुजबळांना हरवून खासदार झाले. यतीन वाघ गेले. नितीन भोसले गेले. उत्तमराव ढिकल्यांचे चिरंजीव राहुल ढिकले मनसेतून भाजपत गेले आणि नाशिक पूर्वचे आमदार झाले. पक्षाच्या निष्ठावंतांना विचारा, ते म्हणतील की हे सगळे संधिसाधू. काही असतीलही, मी त्यांची वकिली करणार नाही. मात्र ज्या पक्षात शेवटची पायरी जन्मानेच राखून ठेवली आहे, तिथे महत्त्वाकांक्षा असलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: आहे तिथेच म्हातारे व्हायचे किंवा दार उघडून बाहेर पडायचे. बाहेर पडणाऱ्याला गद्दार म्हणणे सोपे असते. आत राहिलेल्याला वर जायला जिना ठेवला होता का, याचे उत्तर पक्षाने द्यायला हवे, आणि ते आजवर मिळालेले नाही.

जिना एकेकाळी होता, हे विसरू नये. १९६६ नंतरच्या शिवसेनेची खरी ताकद तीच होती. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारे छगन भुजबळ १९७३ मध्ये नगरसेवक झाले, १९८५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांचे मूळ नाशिकचे, आणि १९९१ मध्ये शिवसेना सोडल्यानंतर पुढे त्यांचे राजकारणही याच जिल्ह्यात रुजले. शिवसेनेचे सगळे राजकारण मला कधीच पटले नाही. पण शाखेवर बसणारा, आडनावाला काही वजन नसलेला मुलगा उद्या महापौर होऊ शकतो हे त्या पक्षाने दाखवून दिले होते, आणि हजारो मुलांनी त्या आशेवर आयुष्य दिले. त्याच भुजबळांच्या घरात २००९ साली काय झाले? ते स्वतः येवल्याचे आमदार आणि मंत्री, मुलगा पंकज नांदगावचा आमदार, पुतण्या समीर नाशिकचा खासदार. २०१९ ला नांदगावने पंकज यांना नाकारले आणि सुहास कांदे यांना निवडले. २०२४ ला समीर भुजबळ तिथेच अपक्ष उभे राहिले आणि हरले. पंकज त्याआधीच विधान परिषदेवर नियुक्त झाले होते. मतदाराने दार लावले, तर दुसरे दार घराण्याकडे असते. मंडईतून वर आलेल्या माणसाला तरी जिन्याची किंमत कळायला हवी होती.

वारसांच्या बाजूने डॉक्टर-वकिलांच्या मुलांचा जो दाखला नेहमी दिला जातो, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. डॉक्टरचा मुलगा वडिलांचा दवाखाना चालवू शकतो, कारण दवाखाना वडिलांच्या मालकीचा असतो. राजकीय पक्ष कोणाच्या मालकीचा नसतो, आणि हे मी भावनेने म्हणत नाही. पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ खाली होते आणि त्या वेळी त्याला राज्यघटनेशी व लोकशाहीशी निष्ठा लिहून द्यावी लागते. त्याच्या उत्पन्नाला आयकर कायद्याखाली सूट मिळते. म्हणजे तुमच्याआमच्या कराच्या पैशाने त्याला आधार दिला जातो. त्याचे चिन्ह निवडणूक आयोग देतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे व्हिप. १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदार-खासदारांना, आणि महाराष्ट्रात १९८६ च्या कायद्याने नगरसेवक व जिल्हा परिषद सदस्यांनाही, पक्षादेशाने बांधून टाकले आहे. सिडकोतल्या किंवा सातपूरच्या मतदाराने निवडून दिलेल्या नगरसेविकेने पक्षादेशाविरुद्ध हात वर केला तर तिचे पद जाऊ शकते. तो आदेश पक्षाचे नेतृत्व काढते. तेव्हा पक्षात कोण नेता होतो हा त्या घरचा खासगी प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, की खासगी माणसाचा शब्द मोडला म्हणून सिडकोने निवडून दिलेली प्रतिनिधी घरी का जावी?

पक्षांतर्गत लोकशाहीचा बंदोबस्त कायद्याने नीट केलेला नाही, हे खरे दुखणे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की नोंदणीच्या वेळची हमी मोडली म्हणून आयोगाला सहसा पक्षाची नोंदणी काढून घेता येत नाही. हमी लिहून घ्यायची आणि मोडली तर हात बांधलेले, अशी आयोगाची स्थिती आहे. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ ला निकाल देताना आयोगाने नेमक्या याच जागी बोट ठेवले. १९९९ मध्ये आयोगाच्या आग्रहावरून शिवसेनेच्या घटनेत निवडणुकीच्या तरतुदी आल्या होत्या, त्या २०१८ च्या दुरुस्तीत पातळ केल्या गेल्या आणि सगळे अधिकार पुन्हा पक्षप्रमुखाकडे गेले, असे आयोगाने नोंदवले. त्या निकालाच्या इतर भागांवर माझे गंभीर आक्षेप आहेत, पण या निरीक्षणाला उत्तर नाही. आणि त्याची किंमत कोणी मोजली? नाव आणि धनुष्यबाण गेले तेव्हा ज्यांची आयुष्यभराची ओळख एका रात्रीत पुसली गेली, ते गल्लीतले शिवसैनिक होते.

आता वारसाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद घेतो. तो असा: आपल्याकडे पक्ष एका आडनावावर टिकतात. घराण्याचा माणूस वर असला की बाकीचे आपापसात भांडत नाहीत, कारण ती जागा कोणालाच मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. आडनाव काढून घ्या, पक्षाचे चार तुकडे होतील. या युक्तिवादात एक निरीक्षण खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. कार्यकर्त्यांची भावनिक ओढ घराण्याशी असते, विचारपत्राशी क्वचित. पण तुकडे होण्याचा पुरावा नेमका उलटा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात जे मोठे पक्ष फुटले, ते घराणे वर असतानाच फुटले, आणि बहुतेक वेळा वारसाच्याच प्रश्नावर. २००३ मध्ये महाबळेश्वरला उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले, नाव सुचवले राज ठाकरे यांनी. २००५ मध्ये नारायण राणे गेले आणि त्याच वर्षअखेरीस खुद्द राज ठाकरे बाहेर पडले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे गेले ते चाळीसच्या आसपास आमदार घेऊन. जुलै २०२३ मध्ये अजित पवार काकांचा पक्ष फोडून सत्तेत गेले. तिथे तर वारस कोण, मुलगी की पुतण्या, हाच वर्षानुवर्षे न बोललेला प्रश्न होता. घराणे पक्ष बांधून ठेवते, हे या यादीकडे पाहून कोणी म्हणू शकेल का? माझे निरीक्षण असे आहे की नेतृत्वाचा प्रश्न मतदानाने सुटण्याची वाट बंद असली, की तो फुटीने सुटतो. राज ठाकरे यांना २००५ मध्ये शिवसेनेत उद्धव ठाकरे यांच्यासमोर उभे राहून मते मागता आली असती, तर कदाचित मनसे जन्मालाच आली नसती.

हे मी मनसेच्या कार्यकर्त्यांना मुद्दाम आठवून देतो, कारण त्यांच्या पक्षाचा जन्मच या वेदनेतून झाला. राज ठाकरे बाहेर पडताना काय म्हणाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे भांडण विठ्ठलाशी नव्हते, भोवतीच्या बडव्यांशी होते. लायक माणसाला डावलले जाते, निष्ठेने राबणाऱ्याला दारात उभे केले जाते, हे दुःख त्या भाषणात होते, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य मराठी मुलांना ते स्वतःचे दुःख वाटले. नाशिकमधल्या मुलांना तर विशेष वाटले, म्हणून ते आपापली पदे, आपापली घरची शांतता सोडून त्यांच्यामागे गेले. ज्यांनी त्या दिवसांत पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, २००८ च्या आंदोलनात गुन्हे अंगावर घेतले, त्यांना २०२० मध्ये पक्षाने विचारायला हवे होते: आपल्यातला कोण नेता व्हावा? निदान विचारायला तरी हवे होते.

कार्यकर्त्यांचीच मागणी होती, असे त्यावर सांगितले जाते. मागणी होती हे मी खरे मानतो. पण ज्या घरातून तिकीट येते, एबी फॉर्म येतो, पद येते आणि जाते, त्या घरच्या मुलासाठी केलेली मागणी मोकळ्या मनाची होती की नाही, हे गुप्त मतदानाशिवाय कसे कळणार? हात वर करून 'हो' म्हणायचे आणि समोर 'नाही' म्हणायला कोणी उभाच नसायचा, याला मागणी म्हणत नाहीत. जुलै २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर सिन्नरजवळच्या टोलनाक्यावर अमित ठाकरे यांची गाडी अडवली गेली आणि रात्री कार्यकर्त्यांनी नाका फोडला. गुन्हे दाखल झाले ते कार्यकर्त्यांवर. तोडफोड मला अजिबात मान्य नाही. पण एका तरुणाच्या गाडीला झालेला उशीर स्वतःचा अपमान मानून आपले भविष्य पणाला लावणारी ही मुले, त्यांना पक्षात साधे एक मत नाही, हे मला त्या तोडफोडीइतकेच अस्वस्थ करते.

हे सगळे फक्त मनसेचे आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घराणेशाहीविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलणारा भाजप नाशिक जिल्ह्यात काय करतो? ढिकल्यांचे चिरंजीव त्यांचे आमदार आहेत, कळवणचे ए. टी. पवार यांच्या सूनबाई भारती पवार त्यांच्या खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री होत्या. काँग्रेसचे उदाहरण तर माझ्या म्हणण्याला अडचणीचे आहे, म्हणून ते टाळत नाही. युवक काँग्रेसने पदाधिकारी मतदानाने निवडण्याची पद्धत आणली. २०१८ मध्ये त्या मतदानातून सत्यजित तांबे महाराष्ट्राचे अध्यक्ष झाले. वडील आमदार, मामा बाळासाहेब थोरात. म्हणजे निवडणूक घेतली तरी वारसच जिंकला. जानेवारी २०२३ मध्ये नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने वडिलांना उमेदवारी दिली, त्यांनी अर्जच भरला नाही आणि मुलाने अपक्ष भरला. निवडून तोच आला. पक्षाचा शब्द बापलेकांनी मोडला आणि पाच जिल्ह्यांच्या पदवीधरांनी त्याला बक्षीस दिले. हे पाहून कोणी म्हणेल की पक्षांतर्गत निवडणुकीने काही साधत नाही, पैसा आणि नाव तिथेही जिंकते. जिंकते, बऱ्याचदा जिंकते. तरीही त्या निवडणुकीत हरलेल्याकडे मोजलेली मते असतात. आपल्यामागे किती माणसे आहेत हे त्याला आणि पक्षाला आकड्याने कळते. मनसेत किंवा ठाकऱ्यांच्या शिवसेनेत अशा हरलेल्या माणसाला अस्तित्वच नाही, कारण तो कधी उभाच राहिलेला नाही.

वारसाने उभे राहू नये असे माझे म्हणणे नाही. जपानकडे पाहा. तिथल्या सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात घराण्यांचा सुळसुळाट आपल्याइतकाच आहे. माजी पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांचे पुत्र शिंजिरो, देखणे, लोकप्रिय, माध्यमांचे लाडके. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पक्षाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि तिसरे आले. २०२५ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि साने ताकाइची यांच्याकडून हरले. ताकाइची यांच्या घरात राजकारणाची परंपरा नाही. शिंजिरो राजकारणातून संपले नाहीत, पक्षही फुटला नाही. वारसाला संधी मिळाली आणि त्याच्या समोरच्यालाही. पक्षाच्या सामान्य सदस्यांचीही मते तिथे मोजली गेली. एवढे साधे काम आपल्याकडे अशक्य का वाटावे?

अशक्य वाटते कारण आडनाव नसलेल्या मुलामुलींना राजकारणात शिरायची जी दारे होती, ती आपण एकेक करून बंद केली, आणि याबद्दल मला मनापासून राग आहे. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा कागदावर आणल्या, पण कॉलेजच्या आवारात त्या प्रत्यक्ष झाल्या नाहीत. के.टी.एच.एम. किंवा एच.पी.टी.च्या कट्ट्यावर भाषण करून, मते मागून, हरून, पुन्हा उभे राहून जे शिकता आले असते, ते शिकलेली पिढीच नाही. दुसरे दार महापालिकेचे. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे शहरावर प्रशासक होता. गल्लीतल्या गटाराचा, पाण्याच्या टाकीचा प्रश्न घेऊन लढणाऱ्या तरुणाला नगरसेवक होण्याची सगळी वाट तेवढ्या काळात बंद. अशा वेळी एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण विद्यार्थी सेनेच्या अध्यक्षपदी अमित ठाकरे यांची नियुक्ती झाली. विद्यार्थ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष विद्यार्थ्यांनी निवडलेला नाही, आणि तो स्वतः तिशीला टेकलेला. तरुण नेतृत्व म्हणून त्याचे स्वागत झाले. तरुणांचे नेतृत्व मात्र ते कसे, हे मला अजून कळलेले नाही.

या जिल्ह्याला नेतृत्वासाठी कधी कोणाच्या घराकडे पाहावे लागले नाही, हेही सांगायला हवे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहातून उभे राहिले आणि १९५७ मध्ये नाशिकचे खासदार झाले. सुरगाण्याचे जे. पी. गावित कम्युनिस्ट पक्षाच्या रांगेतून आले आणि पुन्हा पुन्हा आमदार झाले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या पुढे तेच होते. शरद जोशी यांच्या ऊस-कांद्याच्या आंदोलनाला १९८० मध्ये या जिल्ह्याने जे बळ दिले, तेव्हा जोशींच्या मागे कोणते घराणे होते? या तिघांशी माझे मतभेद आहेत, एकमेकांशी तर त्यांचे टोकाचे होते. पण माणूस लढ्यातून वर येतो हे त्यांनी दाखवले, आणि ते पाहून आलेल्या शहराला मुंबईच्या एका घरातून पाठवलेला नेता हा एकमेव पर्याय म्हणून दाखवला जावा, हे नाशिकला साजेसे नाही.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे आणि मी ती मनसेपुढेच ठेवतो, कारण या शहराने त्या पक्षाला जे दिले त्याचे देणे अजून फिटलेले नाही. नाशिकच्या सहाही विभागांतल्या शाखाध्यक्षांची आणि गटाध्यक्षांची यादी जाहीर करावी. त्यांना नेतेपदासाठी गुप्त मतदानाचा अधिकार द्यावा. मुंबई, पुणे, ठाण्यालाही तोच द्यावा. अमित ठाकरे यांनी त्या निवडणुकीत उभे राहावे. त्यांच्यासमोर जो कोणी उभा राहील, तो एखाद्या रिक्षावाल्याचा मुलगा असो की एखादी शिक्षिका, त्याला किंवा तिला पुढच्या महिन्यात पदावरून काढून टाकू नये. मोजणी उघड्यावर व्हावी. अमित ठाकरे जिंकले, तर त्यांच्या नेतेपदावर माझा एकही आक्षेप उरणार नाही आणि तसे मी लिहीन. हरले, तर माहीमनंतर जे झाले नाही ते तेव्हा व्हावे: त्यांनी पद सोडून जिंकलेल्याच्या हाताखाली काम करावे, आणि पुढच्या वेळी पुन्हा मते मागायला यावे.